वन्संचा स्वतःचा टायर

आमच्या वन्संकडे नवीन टायर मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "जुना कुठंय?"

जुना आणला नसेल तर नवा मिळत नाही. समोर कोण उभं आहे याचा काही संबंध नाही. एकदा कोर्टातल्या न्यायाधीशबाईंनाही त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. "बाई, तुम्ही पुरावा बघितल्याशिवाय निकाल देता का?" बाई हसत हसत घरी गेल्या आणि जुना टायर खांद्याला अडकवून घेऊन आल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सायकल दुरुस्तीचं दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा माझे यजमान नववीत होते आणि वन्सं वीस वर्षांच्या. सासरे खाटेवरून सांगायचे, वन्सं दुकानात करायच्या. दोनेक वर्षांत सासऱ्यांकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. मग ते खाटेवरून नुसते आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. आता वन्सं सत्तावन्न वर्षांच्या आहेत. लग्न केलं नाही. कुणी का म्हणून विचारलं तर सांगतात, "चेन चढवता येणारा भेटला नाही." मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्यांची धडकीच भरली होती. एक तर नणंद, त्यातून हातात कायम पान्हा.

गिऱ्हाईकं त्यांना अक्का म्हणतात. दुकान म्हणजे आमच्या घराचीच रस्त्याकडची लांबट खोली. मागचं दार माझ्या स्वयंपाकघरात उघडतं, त्यामुळे माझ्या भाजीला रबराचा वास आणि त्यांच्या दुकानाला फोडणीचा. गिऱ्हाईकांसाठी एक स्टूल आहे. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली दुमडलेली ट्यूब. मी तीस वर्षं म्हणतेय नवं स्टूल घ्या. वन्सं म्हणतात, "डुगडुगतं म्हणून तर माणसं लवकर उठतात."

जुना टायर आला की त्या तो मांडीवर घेतात, डोळे मिटतात आणि अंगठा सावकाश एकदा गोल फिरवतात. कुठे दाते झिजलेत, कुठे कोरे राहिलेत, कुठे सपाट टक्कल पडलंय. मग डोळे न उघडताच त्या माणसाला त्याचा स्वभाव सांगतात. हात काळे असतात, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बाईंनी पाटीवर घोटून घेतलेलं. तर गिऱ्हाईकागणिक एकेक पान अशी एक जाड वही आहे आणि त्यात वन्सं सांगतील ते मी लिहिते. 'पोस्टातले साहेब. पुढचं चाक. खड्डा दिसला की आधी शिवी, मग ब्रेक.'

"शिवीचं टायरवरून कळतं होय?" मी विचारलं होतं.

"ते मी रस्त्यावर ऐकलंय. लिही तू."

आमच्याकडे येणाऱ्या चौघांचा एक गट आहे. दर वर्षी ते सुट्टी काढून आठ दिवस सायकलीवर डोंगरात जातात, तेही अगदी कोरड्या दिवसांत, दगडाधोंड्यांच्या मुलखात. सुखाचा जीव दुःखात घालायची ही हौस मला काही कळत नाही, पण माणसं चांगली आहेत. त्यांतले दातांचे डॉक्टर आणि ग्रंथालयातल्या बाई आमच्या घरच्यासारखेच. त्या सहलीचे टायर अकरा वर्षं वन्संच ठरवतात.

ऐकून ऐकून मलाही त्यातलं थोडं कळायला लागलंय. तिकडे माती अशी नसतेच. खाली कडक जमीन, वर सुटी खडी आणि मधूनच सुरीसारखे दगड. चिखलात चालणारे उंच, मऊ दाते तिथे वाकतात. फार गुळगुळीत टायर घेतला तर खडीवरून गोट्यांवरून गेल्यासारखा सटकतो. दाते पाहिजेत मध्यम, बसके, एकमेकांपासून जरा लांब लांब. पण खरा प्रश्न दात्यांचा नाही, बाजूंचा. दगड टायरला मधे कापत नाही, कुशीत कापतो. पातळ बाजूचा टायर हलका, चढाला पळतो, पण दगड चाटून गेला की उभा चिरतो. जाड बाजूचा चिरत नाही, पण चढावर जीव काढतो. मग कुणाला कुठला? घाबरून ब्रेक आवळणाऱ्याचं चाक दगडावर जाऊन आपटतं, त्याला जाड. दगड बघून वाट काढणाऱ्याला मधला. म्हणून आधी माणूस ओळखायचा आणि माणूस ओळखायचा म्हणून जुना टायर बघायचा.

या वर्षीही ते चौघं टायर घेऊन आले. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "अक्का, या खेपेला तुम्ही चला."

हे त्या दर वर्षी म्हणतात. वन्संही दर वर्षी म्हणतात, "दुकान कोण बघणार?" यंदाही म्हणाल्या. पण नेमके तेव्हा आमचे हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून येऊन मागच्या दारात बूट काढत होते.

"मी बघतो," हे म्हणाले. "आठ दिवसांची रजा आहे शिल्लक."

वन्सं गर्रकन वळल्या. "छोट्या, तुला हवा कुठून भरतात ते तरी माहीत आहे का रे?"

आमच्या ह्यांना टक्कल पडलं तरी त्यांच्या लेखी हे अजून छोट्याच.

"तेवढं माहीत आहे. बाकीच्यांना सांगेन, अक्का डोंगरात गेल्यात, पुढच्या आठवड्यात या."

सगळे वन्संकडे बघायला लागले. मीही कढई गॅसवर ठेवून दारात येऊन उभी राहिले. वन्संनी हातातला पान्हा पुसला, उलटा करून परत पुसला, आणि म्हणाल्या, "बरं."

मंडळी गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. "वहिनी, मी बरं म्हणाले का गं?"

"म्हणालात की."

"मोठ्याने?"

"मला पार दारात ऐकू आलं."

त्या पाटावर बसल्या. "मी मागे पडेन, त्याचं काही नाही. मागे पडायची मला लाज नाही. पण ती माणसं वर्षभर या आठ दिवसांची वाट बघतात गं. माझ्यासाठी उन्हात उभी राहायला लागली तर? दर वळणावर? तोंडाने काही म्हणणार नाहीत ते, तेच जास्त वाईट. लोढणं व्हायचं असेल तर मी इथेच बरी."

मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहिले, पण त्यांना कशाची भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःची सायकल उलटी केली, मागचं चाक काढलं आणि टायर मांडीवर घेतला. "वही आण. जसं सगळ्यांचं लिहितेस तसंच लिहायचं. नात्याने बदल करायचा नाही."

मी कोरं पान काढलं आणि वर 'अक्का' असं लिहिलं.

अंगठा फिरला. एके ठिकाणी थांबला. परत मागे गेला. एरवी या कामाला त्यांना दोन मिनिटं पुरतात, त्या दिवशी बराच वेळ गेला. मग त्या सांगायला लागल्या, गिऱ्हाईकाला सांगतात तशाच सपाट आवाजात. "मागचं चाक. मधे तीन ठिकाणी सपाट टक्कल. उतारावर घाबरून मागचा ब्रेक आवळून धरते, चाक घसटत जातं. डावीकडचे दाते कोरे. डावीकडे झुकायची हिंमत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "लिहिलंस?"

"लिहिलं."

लिहिताना मला उगीच वाटून गेलं, हे आपण आधी कधीतरी लिहिलंय. पण दूध उतू जायला आलं होतं, मी उठले.

घाबरणाऱ्याला जाड टायर, हा नियम त्यांचाच. त्यांनी दुकानातले सगळ्यात जाड बाजूंचे दोन टायर काढले आणि दोन्ही चाकांना चढवले. ते ट्रकला शोभले असते. बुधवारी सकाळी त्या गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीच्या टेकडीवर चालवून बघायला गेल्या. तासाभराचं काम, पण अडीच तासांनी आल्या. तोंड लालबुंद. सायकल भिंतीला टेकवली आणि त्या डुगडुगत्या स्टुलावर बसल्या. स्वतः त्या स्टुलावर बसलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पाण्याचा तांब्या दिला, तो अर्धा संपवला. "नाही जमायचं, वहिनी. अर्ध्या चढावर उतरून ढकलत नेली. डॉक्टरांकडे निरोप दे, मी येत नाही."

"मी नाही देणार."

"मग छोट्याला सांग द्यायला."

हे आतून म्हणाले, "मी रजेचा अर्ज दिलाय. साहेबांची सही झालीय. मी आता मागे घेणार नाही."

"तुला काय रे, आठ दिवस बसायचं आहे!"

"तर काय. स्टुलावर उशी टाकणार आहे."

एरवी यावर त्यांनी एक सणसणीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसत्या हात धुवायला गेल्या. टायर काढून ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत, सायकल तशीच उभी.

मी रोज सकाळी दिवा लावते आणि जपाची एक माळ ओढते. त्याचा मी कुणाला उपदेश करत नाही आणि त्यातलं मला फार कळतं असंही नाही. पण गुरुवारी सकाळी माळ हातात होती आणि डोक्यात टायर. नाम घेतेय आणि मधेच 'डावीकडचे दाते कोरे'. पुन्हा नाम, पुन्हा 'मधे तीन ठिकाणी सपाट टक्कल'. दुसऱ्या कशाचं ध्यान लागावं तसं मला त्या वाक्याचं ध्यान लागलं. मी देवाला म्हटलं, आज एवढं माफ कर, माळ उद्या दोन ओढीन. आणि उठून वही काढली.

पानं मागे मागे उलटत गेले. पोस्टातले साहेब, न्यायाधीशबाई, बेकरीवाला. मग पाचेक महिन्यांपूर्वीचं, माझ्याच अक्षरातलं: 'दातांचे डॉक्टर. मागचं चाक. मधे तीन ठिकाणी सपाट टक्कल. उतारावर घाबरून ब्रेक. डावीकडचे दाते कोरे.'

मी वही घेऊन दुकानात गेले. वन्सं कुणाच्या तरी चाकाचे स्पोक ताणत होत्या.

"वन्सं, त्या दिवशी तुम्ही मांडीवर घेतला होतात तो टायर कुणाचा?"

"माझा. आणखी कुणाचा?"

"तुमच्या सायकलीवर यायच्या आधी कुणाचा?"

त्यांचा हात थांबला. वन्संनी स्वतःसाठी नवा टायर घेतलेला मी कधीच पाहिला नव्हता. गिऱ्हाईकाचा काढलेला टायर हातात घ्यायच्या, "याच्यात अजून जीव आहे" म्हणायच्या आणि आपल्या सायकलीला चढवायच्या. तो झिजला की दुसऱ्या कुणाचा. इतके आले आणि गेले की कुठला कुणाचा ते त्यांच्याही लक्षात राहत नसे. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. काळे हात पाठीमागे घेऊन त्यांनी वाकून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. परत वाचलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरांनाच नापास केलं की!"

आणि हसायला लागल्या. मी त्यांच्याहून जास्त. हे दात घासता घासता बाहेर आले, काय झालं म्हणून. आम्हाला दोघींना सांगता येईना.

हसू ओसरल्यावर त्या डोळे पुसत म्हणाल्या, आणि त्यामुळे गालावर वंगणाचा पट्टा उठला, "सदतीस वर्षं मी दुसऱ्यांचेच टायर फिरवतेय. मग मी कशी चालवते, ते कसं कळायचं? माझा जुना टायरच नाही."

हा पेच खरा होता. गावातल्या साडेतीनशे माणसांची पानं वहीत आणि जिने ती सांगितली तिचंच नाही.

"टायर नाही तर नाही," मी म्हटलं. "या सायकलीवर तुमचं स्वतःचं, नवंकोरं घेतलेलं, असं काहीच नाही का?"

त्या सायकलीकडे बघत राहिल्या. सीट बेकरीवाल्याची. पायडल कुणाची कोण जाणे. हँडलची मूठ एक इकडची, एक तिकडची.

"ब्रेकचे पॅड," त्या एकदम म्हणाल्या. "बाबांनी शिकवलं होतं, ब्रेक कधी दुसऱ्याचा वापरायचा नाही. ते मी नवेच घालते."

पुढचे मागचे पॅड काढायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. पॅड बोटाच्या पेराएवढे असतात. त्यांच्या पाठीवर वन्सं घालतेवेळी खिळ्याने सालासकट महिना कोरून ठेवतात. निघाला दोन वर्षांपूर्वीचा. त्या ते दारातल्या उजेडात घेऊन गेल्या, अंगठ्याने चाचपले, डोळे मिटले. मी न सांगताच वहीचं 'अक्का' पान काढलं. आधीचं लिहिलेलं आडव्या रेघेने खोडलं.

"दोन वर्षं झाली, अजून निम्मे शिल्लक," त्या सांगायला लागल्या. "पुढचा मागच्यापेक्षा थोडा जास्त झिजलाय. म्हणजे बरोबर, पुढच्यावर भरवसा आहे. चकाकी नाही. घाबरून सारखा दाबत राहतो त्याच्या पॅडला काचेसारखी चकाकी येते. ही बाई..." इथे त्या थांबल्या. डोळे उघडून पॅडकडे बघितलं, जणू कुणी दुसऱ्यानेच सांगितलं असावं. "ही बाई कमी ब्रेक लावते. आधीच लावते आणि मग सोडून देते."

"लिहू?"

"लिही ना, थांबलीस का?"

त्यानंतर टायर ठरवायला खरोखर दोन मिनिटं लागली. पुढे मऊसर रबराचा, लांब लांब दात्यांचा, खडी धरून ठेवणारा. मागे बसक्या दात्यांचा, जरा कडक रबराचा. बाजू दोन्हींच्या मधल्या, जाड नाहीत आणि पातळ नाहीत. आत भोक पडलं तर आपोआप बुजवणारं ते पांढरं दुधासारखं औषध. ते दोन्ही टायर कोरे करकरीत होते, कडेचे रबराचे केस अजून तसेच. चढवताना त्या दर थोड्या वेळाने हात पुसत होत्या. आमच्या लग्नातली भांडीसुद्धा त्यांनी इतक्या जपून हाताळली नव्हती.

दुपारी परत त्याच टेकडीवर गेल्या. पाऊण तासात आल्या. सायकल भिंतीला लावली आणि पिशवीत कपडे भरायला लागल्या.

शनिवारी गाडी आली, सायकली वर चढल्या. वन्सं खिडकीतून ह्यांना सूचना देत होत्या: पंप उघडा ठेवू नकोस, उधार हवा देऊ नकोस, स्टुलावर उशी टाकू नकोस. गाडी वळल्यावर मी घरात येऊन हात जोडले. म्हटलं, देवा, चढाचं त्यांचं त्या बघतील, तू फक्त उतारावर लक्ष ठेव.

आठ दिवसांनी परत आल्या त्या काळ्या ठिक्कर पडून, ओठ फुटलेले, कोपराला खरचटलेलं आणि आवाज चढलेला. पण खरी हकिगत मला ग्रंथालयातल्या बाईंकडून कळली. वन्सं स्वतःचं कौतुक सांगणाऱ्यांतल्या नाहीत.

चढावर त्या मागे पडायच्या, बाई म्हणाल्या. वाट बघावी लागली, रोजच लागली. पण पाचव्या दिवशी एक लांबलचक दगडी उतार आला, डावीकडे वळत वळत जाणारा. डॉक्टर अर्ध्यातच गोठले. ब्रेक आवळून जागच्या जागी उभे. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. वन्सं त्यांच्या मागून आल्या. "डॉक्टर, मागचा ब्रेक सोडा. आता डावीकडे झुका. डावीकडे. झुका हो, पडत नाही."

डॉक्टर चिडून म्हणाले, "तुम्हाला काय ठाऊक मला डावीकडेच भीती वाटते ते?"

"तुमचा टायर पाच महिने माझ्याकडे होता. तुमची सगळी भीती मला पाठ आहे."

डॉक्टरांना त्या तसल्या जागीही हसू फुटलं आणि हसताना माणसाचा हात सैल होतो. वन्सं त्यांच्या मागे मागे, प्रत्येक वळणावर "डावीकडे" म्हणत, तळापर्यंत आल्या. पुढचे दोन दिवसही डॉक्टर उतार आला की थांबायचे आणि म्हणायचे, अक्का येऊ देत.

"म्हणजे तुम्ही वाट बघत होतात ती तुमच्याच सोयीसाठी," मी म्हटलं.

"तेच सांगतेय," बाई म्हणाल्या.

परवा संध्याकाळी वन्संनी मागचा टायर काढून मांडीवर घेतला. बाजूला एक बोटभर लांब ओरखडा होता, पण आरपार नव्हता. डोळे मिटून त्यांनी अंगठा पूर्ण गोल फिरवला. झीज मधे, डावीकडे, उजवीकडे सारखी. मी वही उघडून बसले होते. पण त्यांनी अंगठा परत एकदा गोल फिरवला.

हे बाजारातून आले. पिशवी ठेवून वाकून बघितलं. "ताई, याच्यात अजून जीव आहे. माझ्या सायकलीला चढव की."

वन्संनी डोळे उघडले. टायर दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"हात लावून तर बघ, छोट्या."